चरखा नको, झेंडाही नको

आचारसंहिता लागली की गावात सगळ्यांत आधी धावपळ कुणाची होते? उमेदवाराची नाही, ग्रामसेवकाची. जुनी वर्तमानपत्रं, डब्यात कालवलेली खळ आणि एक ब्रश घेऊन तो निघतो. समाजमंदिराच्या भिंतीवरची कोनशिला, रस्त्याकडेचा भूमिपूजनाचा फलक, पाण्याच्या टाकीवर रंगवलेलं कुण्या साहेबांचं नाव, दिसेल त्यावर कागद चिकटवत सुटतो. अहेरी, एटापल्ली, राजुरा, गोंडपिपरी, कुठेही जा, बसस्टँडवरचं सरकारी जाहिरातीचं होर्डिंग कापडाखाली गेलेलं असतं. सरकारी वेबसाइटवरून मंत्र्यांचे फोटो उतरतात. आपल्याला गंमत वाटते. झाकलेल्या कोनशिलेचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर येतो, कुणीतरी त्याचं मीम करतं आणि विषय संपतो.

पण जरा थांबा. सरकारनं सरकारचाच फलक झाकायचा, हे कुणाच्या डोक्यातून आलं? मंत्री निवडून आलेले, पैसा सरकारी, काम झालेलं. मग लपवायचं काय?

या प्रश्नाचा माग काढत गेलं की एका माणसापाशी येऊन थांबावं लागतं. त्याचं नाव तुम्ही पाठ केलेलं आहे. पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी, कुठलीही परीक्षा देणाऱ्याला ते येतं: भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त, सुकुमार सेन. एक मार्क. पर्यायाला टिक करायची आणि पुढच्या प्रश्नाला जायचं. त्या एका मार्काच्या माणसानं नेमकं केलं काय, ते गाईडमध्ये नसतं.

सेन बंगाली. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटचा. शिक्षण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि मग लंडन विद्यापीठात. तिथं गणितात सुवर्णपदक मिळवलं. हे गणित लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आयसीएस झाले, जिल्ह्याजिल्ह्यांत काम केलं, न्यायाधीश म्हणूनही बसले. स्वातंत्र्यानंतर ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव होते. म्हणजे फाळणीनं दोन तुकडे झालेल्या प्रांताच्या कारभाराचा सगळा भार ज्याच्या टेबलावर, तो माणूस. तिथून मार्च १९५० मध्ये त्यांना दिल्लीला बोलावलं गेलं आणि एक अशी खुर्ची दिली गेली, जिच्यावर त्याआधी कुणी बसलंच नव्हतं.

ती खुर्ची तयार कशी झाली, हेही बघण्यासारखं आहे. घटनेच्या आधीच्या मसुद्यात केंद्रासाठी एक निवडणूक आयोग आणि प्रत्येक प्रांतासाठी वेगळा, असं होतं. जून १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे बदललं. कारण तक्रारी येऊ लागल्या होत्या. काही प्रांतांची सरकारं आपल्या अधिकाऱ्यांना अशा सूचना देत होती की आपल्या भाषेची, आपल्या समाजाची नसलेली माणसं मतदार यादीतून बाहेर राहावीत. म्हणजे घटना लागूसुद्धा झाली नव्हती आणि सरकारी कागदातून माणसं गाळण्याचा खेळ सुरू झालेला. बाबासाहेबांनी तो कागद प्रांतांच्या हातातून काढला आणि सगळ्या देशासाठी एकच आयोग ठेवला. त्याच्या प्रमुखाला हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याइतकंच अवघड करून ठेवलं.

चंद्रपूरकरांना बाबासाहेब आठवतात ते १६ ऑक्टोबर १९५६ मुळे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी इथं धम्मदीक्षा झाली आणि दीक्षाभूमीवर आजही गर्दी लोटते. पण आपल्या गावातल्या मतदान केंद्रावर बसलेला शिक्षक त्या दिवसापुरता कुणाचा नोकर असतो, हे ठरवणारेही तेच. आयोगाकडे स्वतःची फौज नाही. जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी, मास्तर हे सगळे राज्य सरकारचे, पण निवडणुकीपुरते आयोगाच्या ताब्यात. वर्षभर मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी धावणारा तोच माणूस या काही आठवड्यांत मंत्र्याला नाही म्हणू शकतो. निदान म्हणू शकायला हवा.

तर अशा खुर्चीत सेन बसले. पंतप्रधान नेहरूंना निवडणूक लवकर, १९५१ च्या सुरुवातीलाच हवी होती. सेन यांनी थांबायला लावलं. साहजिक होतं. २१ वर्षांवरचे सुमारे १७ कोटी ६० लाख मतदार, त्यातले जवळपास ८५ टक्के निरक्षर. (हो, तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. तुमच्यातल्या सेकंड इयरवाल्यांना तेव्हा मतच नसतं. १८ झालं ते १९८९ मध्ये.) लोकसभा आणि विधानसभांच्या मिळून सुमारे साडेचार हजार जागा. यादी टाइप करायलाच १६,५०० कारकून सहा महिने बसले. २० लाखांहून जास्त लोखंडी मतपेट्या लागल्या, त्यासाठी ८,२०० टन पोलाद गेलं. त्यातल्या लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या आणि मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या. गणिताचं सुवर्णपदक इथं कामाला आलं असणार, असं मला आपलं वाटतं.

या आकड्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र त्यातली एक लहानशी यादी जास्त महत्त्वाची वाटते.

निरक्षर माणसानं उमेदवार ओळखायचा कसा? चित्रावरून. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आपण आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. म्हणजे सगळा खेळ चिन्हाचा. काँग्रेसला जू घातलेली बैलजोडी, समाजवाद्यांना झाड, कम्युनिस्टांना कणीस-विळा, जनसंघाला दिवा, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला हत्ती. आणि कुणालाच द्यायची नाहीत अशा चिन्हांत काय होतं? गाय, देऊळ, राष्ट्रध्वज आणि चरखा.

गाय आणि देऊळ का नको, ते लगेच कळतं. धर्माच्या नावावर मत मागायला वाव नको. पण झेंडा आणि चरखा? १९५१ साल डोळ्यांसमोर आणा. स्वातंत्र्याला चार वर्षं झालेली. ज्या पक्षानं लढा दिला, त्याच पक्षाचं सरकार. पक्षाच्या झेंड्यात तेच तीन रंग आणि मधोमध चरखा, तर देशाच्या झेंड्यात चरख्याच्या जागी चक्र. लांबून बघणाऱ्याला देश कुठे संपतो आणि पक्ष कुठे सुरू होतो, ते कळणं कठीण. पेटीवर चरखा किंवा तिरंगा आला असता, तर ती पेटी एका पक्षाची राहिली नसती. ती सरकारची पेटी झाली असती, देशाची पेटी झाली असती. आणि तिच्यात मत टाकायचं नाही, असं ठरवायला निधडी छाती लागली असती. त्या पक्षाचं सरकार दिल्लीत असताना, त्याच सरकारनं नेमलेल्या माणसाच्या आयोगानं ही दोन चित्रं बाजूला काढली.

आता बैलजोडी तरी कुठे निरुपद्रवी आहे, असं कुणी म्हणेल, आणि खोटं म्हणणार नाही. आपल्याकडे पोळ्याला ज्या बैलांची पूजा होते, त्यांच्याविषयी शेतकऱ्याच्या मनात माया नसेल तर कशाविषयी असेल? रेघ ओढली गेली, ती काही सगळीकडे सरळ नव्हती. पण देशाचं ते देशाचं आणि पक्षाचं ते पक्षाचं, एवढं तरी ती सांगत होती.

हे आपल्या भागात किती महत्त्वाचं होतं, ते बघा. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत सगळा चांदा जिल्हा, आणि तो मध्य प्रदेशात. गंमत म्हणजे या जिल्ह्यानं पहिल्या तीन लोकसभा निवडणुका तीन वेगवेगळ्या राज्यांत केल्या. १९५२ ची मध्य प्रदेशात, १९५७ ची द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६२ ची महाराष्ट्रात. माणसं जागच्या जागी, जंगल जागच्या जागी, फक्त वरचं सरकार बदलत राहिलं.

त्यात आणखी एक गोष्ट झालेली. मार्च १९५१ च्या अखेरीस मध्य प्रदेशात मालगुजारी आणि जमीनदारी कायद्यानं संपली. म्हणजे पहिल्या निवडणुकीच्या काही महिने आधीपर्यंत चांद्याच्या कितीतरी गावांत वरून येणारा शब्द मालगुजाराचा किंवा जमीनदाराचा होता. आता तो सरकारचा झाला. आणि सरकार म्हणजे कोण? जंगलात राहणाऱ्या माडिया माणसाला दिल्ली दिसत नाही, नागपूरही दिसत नाही. त्याला दिसतो नाकेदार, पटवारी आणि कोतवाल. सरकारची बातमी यायची ती दवंडीनं. सारा भरा, लस टोचायला या, अमक्या दिवशी साहेब येणार आहेत. ऐकणाऱ्याची भाषा माडिया, गोंडी किंवा सिरोंच्याकडे तेलुगू, आणि सांगणाऱ्याची मराठी नाहीतर हिंदी. दवंडी अर्धी कळायची, अर्धी अंदाजानं.

आता कल्पना करा की तोच कोतवाल, त्याच ढोलावर, सारा भरा म्हणता म्हणता बैलजोडीच्या पेटीत चिठ्ठी टाका असंही सांगून गेला. ऐकणाऱ्यानं यातलं कुठलं वाक्य सरकारचं आणि कुठलं पक्षाचं मानायचं? ज्याच्याकडे पेपर येतो, रेडिओ आहे, चार ठिकाणी चौकशी करायची सोय आहे, तो ते वेगळं करू शकतो. ज्याच्याकडे फक्त दवंडी आहे, त्याच्यासाठी दोन्ही हुकूमच. मत न देणं म्हणजे सारा न भरण्यासारखं. शहरातल्या माणसासाठी सरकारी आवाजात पक्ष मिसळला तर तो एक चर्चेचा विषय होतो. जंगलातल्या माणसाचं मतच त्यात निघून जातं.

म्हणून सेन यांच्या काळातल्या सरकारी प्रचाराकडे मी पुन्हा पुन्हा वळते. प्रचार झाला, जोरात झाला. मतदान म्हणजे काय हे सांगणारा माहितीपट ३,००० हून जास्त चित्रपटगृहांत दाखवला गेला. घटना काय आहे, प्रौढ मताधिकार कशासाठी, यादी कशी बनते, मत कसं टाकायचं, यावर आकाशवाणीनं कार्यक्रमांमागून कार्यक्रम केले. फक्त एक गोष्ट केली नाही. पक्षांचा प्रचार आकाशवाणीवर बंद होता, सत्ताधारी पक्षाचासुद्धा. कलकत्त्यात मोकाट गाईंच्या पाठीवर काँग्रेसला मत द्या असं बंगालीत रंगवलेलं चाललं (चिन्हातून काढलेली गाय प्रचारात अशी मागच्या दारानं आली), पण रेडिओवर ते नाही. कम्युनिस्टांना तेवढी एक हवेची लाट सापडली, ती मॉस्को रेडिओची, ताश्कंदमार्गे. इथल्या पक्षांना आकाशवाणीवर स्वतःच्या प्रचारासाठी वेळ मिळाला तो थेट १९७७ मध्ये.

१९५७ च्या निवडणुकीआधी माहिती आणि नभोवाणी मंत्रालयानं आणखी एक फिल्म काढली. नाव, इट इज युवर व्होट. १३ भाषांत डब केली आणि देशभर दाखवली. तिच्याबद्दल नोंदलेली गोष्ट अशी की कुठल्याही पक्षाचा प्रचार वाटेल असं काहीही तिच्यात येऊ नये, याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली होती.

वाचायला सोपं वाटतं. तुम्ही कधी मतदार जागृतीचं पथनाट्य बसवलंय? रील केलीय? मग विचार करून बघा. फिल्ममध्ये मतदार आत जातो, चिठ्ठी पेटीत टाकतो. कुठल्या पेटीत? पेटीवर चिन्ह दाखवावं तर लागणार. बैल दाखवले तर काँग्रेस, झाड दाखवलं तर समाजवादी. बरं, मतदाराच्या डोक्यावर टोपी कुठली? पांढरी दाखवली तर? लाल दाखवली तर? मागच्या भिंतीवर कुणाची तसबीर आहे? धरणं, कारखाने, नवे रस्ते दाखवून मग मत द्या म्हटलं, तर तो लोकशाहीचा प्रचार झाला की सरकारच्या कामगिरीचा? एकेक चौकट पारखून घ्यावी लागते. आणि ही फिल्म काढणारं मंत्रालय एका पक्षाच्या मंत्र्याखालचं होतं. मंत्री मराठी होते, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, तेच रेडिओवरून सिनेमाची गाणी हटवणारे. त्यांच्या गाण्यांच्या धोरणावर आजही चेष्टा होते. ही फिल्म मात्र कुणाला आठवत नाही.

सेन यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. यादी बनवताना काही राज्यांत बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच नोंदवलं. सेन म्हणाले, असं चालणार नाही, नाव पाहिजे. नाव न मिळालेल्या सुमारे २८ लाख बायका यादीतून कापल्या गेल्या. यात त्या बायकांचा दोष किती? बाईनं परक्या पुरुषासमोर स्वतःचं नाव घेऊ नये, हे तिला घरानं शिकवलेलं, आणि शिक्षा तिला आयोगानं केली. पुढच्या वेळी नावं येतील, हा त्यामागचा विचार आणि तो बऱ्याच अंशी खराही ठरला. पण ते मत त्या निवडणुकीपुरतं गेलं ते गेलंच. मी त्या जागी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. एवढं मात्र म्हणता येईल की हा नियम त्यांनी पक्ष बघून लावला नाही.

निकालही पक्ष बघून लागले नाहीत. केंद्रात काँग्रेस आली, पण मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई विधानसभेला अवघ्या १९ मतांनी पडले. ज्यांच्या हुकमात पोलीस, ते १९ मतांनी पडतात आणि ती १९ मतं कुठूनही उभी केली जात नाहीत. दुसरीकडे, आयोगाला घटनेत भक्कम जागा देणारे बाबासाहेब उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकरांकडून हरले. त्यांनी त्या निवडणुकीला आव्हानही दिलं होतं.

पहिली निवडणूक पार पडल्यावर सेन यांना सुदाननं बोलावलं. तिथं १९५३ मध्ये पहिली संसद निवडायची होती. एका बाजूला इजिप्त, दुसऱ्या बाजूला ब्रिटन, दोघांचाही सुदानवर डोळा. आयोगात सात जण होते, तीन सुदानी, एक इजिप्शियन, एक ब्रिटिश, एक अमेरिकन आणि अध्यक्षपदी भारताचे सेन. सरकारी यंत्रणा ब्रिटिशांच्या हातातली आणि निवडून आला तो इजिप्तकडे झुकलेला पक्ष. १९५४ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळालं.

त्यानंतर १९५७ ची दुसरी निवडणूक. पहिल्या वेळच्या मतपेट्या सेन यांनी नीट जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे या वेळचा खर्च साडेचार कोटी रुपयांनी कमी आला. आपल्या आजीनं सणाचे डबे जपून ठेवावेत तसं. पण या वर्षी त्यांच्या घरातच एक अवघड गोष्ट घडली. त्यांचे धाकटे भाऊ अशोक सेन काँग्रेसच्या तिकिटावर कलकत्त्यातून लोकसभेत गेले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री झाले. एक भाऊ सत्ताधारी पक्षाचा मंत्री, दुसरा सगळ्या पक्षांना सारखं मोजणारा. आज असं झालं असतं तर टीव्हीवर किती दिवस चर्चा चालली असती, विचार करा. आणि प्रश्न विचारणारे चूक ठरले नसते. माणूस कितीही सचोटीचा असो, लोकांना तो तसा दिसायलाही हवा. त्याच निवडणुकीत केरळात कम्युनिस्ट पक्ष निवडून आला आणि ई. एम. एस. नंबुद्रिपाद मुख्यमंत्री झाले. सेन डिसेंबर १९५८ पर्यंत त्या पदावर होते.

आणि आचारसंहिता? ती त्यांच्या काळात नव्हतीच. ती सुरू झाली त्यांच्यानंतर, १९६० मध्ये केरळ विधानसभेच्या वेळी. १९६२ ला आयोगानं ती सगळ्या पक्षांना पाठवली. त्याच १९६२ मध्ये चांद्यातून लोकसभेवर कोण गेलं माहितीय? पानाबरसचे जमीनदार लाल श्याम शाह, आदिवासी नेते आणि अपक्ष. राज्यात, केंद्रात सगळीकडे काँग्रेस, आणि चांद्यानं अपक्ष पाठवला. सरकार सांगेल तिथं मत, असा हिशेब इथं चालला नाही.

सरकारी यंत्रणा आणि पक्षाचा प्रचार एकमेकांत मिसळले तर काय होतं, ते देशाला कळलं १२ जून १९७५ ला. सरकारी नोकरीतला माणूस प्रचाराला वापरला आणि सभेचं व्यासपीठ, वीज यांची सोय सरकारी अधिकाऱ्यांकडून करून घेतली, या मुद्द्यांवर अलाहाबाद उच्च न्यायालयानं पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. पुढचं तुम्हाला इतिहासात आहेच. १९७९ मध्ये आचारसंहितेत सत्ताधारी पक्षासाठी वेगळा भाग आला. सरकारी पैशानं कामगिरीच्या जाहिराती नकोत, सरकारी माध्यमांतून एका पक्षाचा उदोउदो नको. ग्रामसेवकाच्या हातात खळीचा डबा आला तो या वाटेनं.

मात्र आचारसंहिता राहते ती काही आठवडे. पाच वर्षांतल्या उरलेल्या दिवसांचं काय? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारी जाहिरातींवर निकाल दिला. जाहिरातीत पक्षाचं नाव, चिन्ह नको, आणि फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचे. राज्य सरकारं फेरविचारासाठी गेली आणि २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्र्यांचे फोटोही पुन्हा चालू झाले. मला हे पटत नाही. वनहक्काचा पट्टा कायद्यानं मिळतो, रेशन कायद्यानं मिळतं, शिष्यवृत्ती कायद्यानं आणि नियमानं मिळते. त्या कागदावर हसरा चेहरा छापला की ते देणं वाटायला लागतं, कुणीतरी मेहेरबानीनं दिलेलं. भामरागडकडच्या आजीला त्या कागदावरचं अक्षर वाचता येत नसेल, पण चेहरा ओळखता येतो. आयोगानं १९५१ ला चरखा काढला तो याच आजीच्या पिढीसाठी, आणि तिच्या नातवंडांच्या हातात आता मोबाइल आहे. विभागाच्या हँडलवर आलेली पोस्ट लसीकरणाची आहे की साहेबांच्या वाढदिवसाची, हे त्यांनी स्क्रोल करता करता ओळखायचं.

गडचिरोलीत आजही मतदान दुपारी ३ ला संपतं. दुर्गम केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरनं उतरतात, कुठे पायी जातात. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिलं, राज्यात सगळ्यांत जास्त. इतक्या लांब चालत येऊन मत देणाऱ्या माणसांना कुणाला द्यायचं ते सांगण्याची गरज नसते. केंद्र कुठे, वेळ काय, ओळखपत्र कुठलं चालेल, एवढं त्यांच्या भाषेत सांगितलं तरी पुरे.

निवडणूक आयोगानंतर सेन बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, १९६० मध्ये. दंडकारण्य प्रकल्पाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना बस्तर-कोरापूटच्या जंगलात वसवायचं काम, म्हणजे आपल्या भामरागडपासून इंद्रावती ओलांडली की पलीकडचा मुलूख. १९६० चं दशक अर्ध्यावर येण्याआधीच ते गेले.

आत्मचरित्र त्यांनी लिहिलं नाही. खासगी कागदपत्रंही फारशी मागे ठेवली नाहीत. म्हणूनच गाईडमध्ये त्यांची एक ओळ आहे. मागे राहिले ते निवडणुकांचे सरकारी अहवाल, तक्ते आणि आकड्यांनी भरलेले. पहिल्या निवडणुकीत बोटाला लावायच्या शाईच्या ३,८९,८१६ कुप्या लागल्या, हे मात्र मोजून लिहिलेलं आहे.